ओकचं जुनं कोरीव कपाट: खरंच सोळाव्या शतकातलं असेल का?

पैलतीर

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे.

आम्ही बेल्जियममध्ये लूवेनला राहतो. खालच्या मजल्यावरच्या आजी महिनाअखेरीस घर सोडून लेकीकडे राहायला जाणार आहेत. त्यांच्या जेवणघरात ओकचं भलंमोठं कपाट आहे. खाली दोन दारं, वर दोन दारं, मध्ये दोन ड्रॉवर. वरचा भाग थोडा मागे सरकलेला आणि त्याच्या पुढे दोन जाडजूड गोल खांब. ड्रॉवरांवर सिंहाची तोंडं, तोंडात पितळी कड्या. कडेच्या पट्ट्यांवर कमरेपर्यंत माणसं आणि कमरेखाली खांब. वरच्या दारांच्या मधोमध एकेक गोल चौकट, त्यात बाजूने दिसणारा चेहरा: एकीकडे शिरस्त्राण घातलेला पुरुष, दुसरीकडे टोपी घातलेली बाई. उरलेल्या जागेत फळांचे झुपके, वेलबुट्टी, आणि कातड्याचे पट्टे कापून त्यांची टोकं गुंडाळावीत तशी एक नक्षी. रंग जवळजवळ काळा.

आजी सांगतात, हे सोळाव्या शतकातलं आहे, त्यांच्या आजेसासूबाईंनी घेतलेलं. लेकीच्या घरात ते मावत नाही. मला म्हणाल्या, "तू येतेस तेव्हा त्याच्याचकडे बघत बसतेस, तूच घेऊन जा." पैसे घ्यायला तयार नाहीत.

माझा जीव जडलाय त्या कपाटावर, हे खरं. पण ते चारशे वर्षांचं असेल तर असं फुकट उचलून आणायला मन धजत नाही. आपण काय देतो आहोत हे आजींना आधी कळायला हवं. ओळखायचं कसं?

अबोली

वाचतेय. प्रचि (फोटो) टाका ना ताई.

रंधा

पैलतीर, आधी आजींना कळायला हवं हा तुमचा विचार फार आवडला. म्हणून सविस्तर लिहितो. मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं काम केलं आहे, त्यातलं बरंचसं ओकचं.

कातड्याच्या पट्ट्यांसारखी जी नक्षी म्हणता तिला तिकडे स्ट्रॅपवर्क म्हणतात. तिचा जन्म ओकमध्ये झालेला नाही. १५३० च्या दशकात फ्रान्सच्या राजाने फोंतेनब्लोच्या राजवाड्यात रोसो फिओरेंतिनो या इटालियन चित्रकाराला बोलावलं. तिथल्या दालनातल्या चित्रांभोवती त्याने चुनेगच्चीत अशा गुंडाळलेल्या पट्ट्या केल्या. पुढे अँटवर्पच्या छापखान्यांनी ती नक्षी उचलली. कॉर्नेलिस फ्लोरिस आणि हान्स व्रेडेमन दे व्रीस यांची नक्षीची छापील पानं जहाजांतून इंग्लंडपासून बाल्टिकपर्यंत गेली. गावोगावचे कोरीव कामवाले ती पानं समोर ठेवून लाकूड कोरत. गोल चौकटीतले चेहरे त्याच्याही थोडे आधीचे, रोमन नाण्यांवरून आलेले.

हे सांगायचं कारण असं की नक्षी कागदावरून आली आणि कागद टिकला. तेच पान समोर ठेवून १५७० मध्ये कोरता येत होतं आणि १८८० मध्येही. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून वय सांगता येत नाही. तुमच्या भागात तर अजिबातच नाही. बेल्जियम देश झाला १८३० मध्ये. नव्या देशाला आपली म्हणून ओळख हवी होती, आणि ती त्यांनी अँटवर्पच्या वैभवाच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात शोधली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात बेल्जियमने आपल्या दालनाचा दर्शनी भाग त्याच शैलीत उभा केला होता. मग टाउन हॉल, रेल्वे स्टेशनं, आणि मध्यमवर्गाची जेवणघरं. लूवेनपासून जवळ असलेलं मेखेलेन हे गाव तर या नव्या-जुन्या कोरीव फर्निचरसाठी प्रसिद्ध झालं. सिंहाचं तोंड आणि पितळी कडी वाचल्याबरोबर मला आधी मेखेलेनच आठवलं.

तेव्हा आता कपाटाकडे समोरून बघणं थांबवा. बॅटरी घ्या आणि मागे, खाली, आत बघा. दर्शनी बाजू कोरणाऱ्याने लोकांसाठी केलेली असते. पाठीमागची बाजू कोणी बघणार नाही या खात्रीने केलेली असते, त्यामुळे तिथे कारागीर जसा असेल तसा सापडतो.

१. पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा कशा आहेत? कमानीसारख्या वळलेल्या असतील तर ती गोल चक्राची करवत, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरचं. सरळ समांतर असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही, सरळ पात्याच्या पाणचक्कीच्या आणि पवनचक्कीच्या करवती जुन्याच आहेत.
२. चौकटीच्या सांध्यांत लाकडी खुंट्या आहेत का? त्यावरून बोट फिरवा.
३. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा. कोपऱ्याचे सांधे एकसारखे मशीनचे आहेत की हाताचे, जरा कमीजास्त?
४. कुठे स्क्रू दिसला तर त्याचं टोक बघा. अणकुचीदार असेल तर १८४० च्या आधीचा नाही.
५. दारांच्या नक्षीच्या फळ्या आतून कशा दिसतात? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवं आहे.

झाडओळख

रंधा यांनी सुंदर लिहिलंय. मी लाकडाच्या बाजूने थोडी भर घालते.

इटलीत रेनेसाँचं (प्रबोधनकाळाचं) चांगलं सामान मुख्यतः अक्रोडाच्या लाकडात झालं. अक्रोड मऊसूत, त्यात बारीक नक्षी लोण्यासारखी उतरते. उत्तरेला ओक मुबलक, म्हणून तिथे ओक. ओकचा पोत जाड, नसा मोठ्या. म्हणून उत्तरेची नक्षी खोल, ठसठशीत, थोडी रांगडी असते. मला व्यक्तिशः तीच जास्त आवडते.

ओकची दुसरी गंमत म्हणजे तो चिरायच्या ऐवजी फोडता येतो. खोडात पाचरी ठोकल्या की गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषांवर तो सरळ फाटतो. अशा फळीवर चंदेरी ठिपके आणि लाटा उमटतात. ते त्याच आडव्या रेषा बाजूने दिसल्यामुळे. फोडलेली फळी फार कमी वाकते, कारण लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. पण फळीची रुंदी मिळते खोडाच्या अर्ध्या जाडीहूनही कमी. म्हणून त्या काळचं सगळं सामान छोट्या छोट्या फळ्या चौकटीत बसवून केलेलं असतं. फळी खोबणीत नुसती सरकवायची, डिंक-सरस काही लावायचं नाही. ऋतूप्रमाणे ती आत फुगते-आकसते आणि फाटत नाही.

आणि ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, आपल्या हिरड्यासारखं. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ओकमध्ये लोखंडी खिळा ठोकला की त्याच्याभोवती तसाच निळा-काळा डाग पसरतो. पैलतीर, असे डाग आहेत का ते बघा. आणि खिळा नसलेल्या जागी डाग असला तर तेही सांगा, कारण मग पूर्वी तिथे खिळा होता.

ओसरी

विषयाला थोडं सोडून लिहिते, पण तुमच्या उपयोगाचं आहे. काहीही झालं तरी त्या कपाटाला पॉलिश करायला देऊ नका.

आमच्या पुण्याच्या घरी पणजोबांचा शिसवी पलंग होता. डोक्याकडच्या फळीवर मोर, त्याच्या पिसाऱ्यातलं एकेक पीस मोजता येईल असं काम. वडिलांनी मोठ्या हौसेने एका पॉलिशवाल्याला बोलावलं. आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो होतो. परत आलो तर त्याने पॉलिशपेपरचं मशीन लावून सगळं "साफ" केलं होतं. मोर आहे, पण त्याचे डोळे गेले. पिसाऱ्यावर आता हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. आई त्या दिवशी जेवली नाही.

रंधा

ओसरीताई, वाचून वाईट वाटलं. कोरीव कामाची धार एकदा गेली की ती परत आणता येत नाही. पैलतीर, धूळ मऊ रंगाच्या ब्रशने झटका. मेण लावायचंच असलं तर मधमाशीचं, वर्षातून एकदा, अगदी पातळ. बाकी काही नको.

टेम्सकाठ

काळ्या रंगाबद्दल एक सांगतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वेअर गावचा प्रसिद्ध पलंग आहे. ओकचा, १५९० च्या सुमाराचा, सव्वातीन मीटर रुंद. संग्रहालयाने तो १९३१ मध्ये विकत घेतला. तो खानावळीतला पलंग होता, मोठेपणामुळे इतका गाजलेला की शेक्सपिअरच्या नाटकातही त्याचा उल्लेख येतो. खांबांवर आणि डोक्याकडच्या फळीवर प्रवाशांनी आपली आद्याक्षरं कोरली आहेत. त्यावरची नक्षीसुद्धा रंधा म्हणतात त्या व्रेडेमन दे व्रीसच्या वळणाची.

जवळून बघितलं तेव्हा मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. डोक्याकडच्या कोरलेल्या माणसांवर रंगाचे अंश अजून आहेत. म्हणजे आज आपल्याला जे गंभीर, तपकिरी वाटतं ते एके काळी देवळातल्या रथासारखं रंगीत होतं. नवा ओक तर मधाच्या रंगाचा असतो. जुना ओक काळाच असला पाहिजे ही समजूत एकोणिसाव्या शतकाची, आणि म्हणून त्या काळात नवं सामान मुद्दाम काळं करत.

झाडओळख

बरोबर. अमोनियाच्या वाफेत ठेवलं की टॅनिनमुळे ओक गडद होतो, ही युक्तीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फार चालली.

साकव

गोव्याहून लिहितो. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे आपल्याकडे बघितलंय. पोर्तुगीज इथे १५१० ला आले आणि रेनेसाँची हीच नक्षी घेऊन आले. पण ओक इथे कुठला? मग इथल्या सुतारांनी सागवान, शिसव, आबनूस आणि हस्तिदंत वापरून ती केली. छोट्या छोट्या ड्रॉवरांचं कोंतादोर नावाचं कपाट असतं, त्याचे पाय बघा कधी. युरोपात जिथे कमरेपर्यंत माणूस आणि खाली खांब असतो, तिथे आमच्या कारागिराने कमरेपर्यंत बाई आणि खाली वेटोळं घातलेली शेपूट केली. नागीण! चर्चमधल्या जुन्या व्यासपीठांनासुद्धा खालून नागिणींनी तोललेलं दिसतं. कागद अँटवर्पचा असो की लिस्बनचा, कोरणाऱ्या हाताने घरची देवता आत आणलीच. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे आवर्जून जा.

पैलतीर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आजींची परवानगी घेऊन दोन तास कपाटाखाली आणि कपाटात घालवले. नवरा बॅटरी धरून उभा, आजी खुर्चीत बसून विचारत होत्या, "काय दिसतंय?"

पाठीच्या फळ्यांवर कमानीच्या खुणा आहेत. एकदम स्पष्ट, एकीमागे एक, पंख्यासारख्या. ड्रॉवरचे सांधे सगळे एकाच मापाचे. बिजागऱ्यांचा एक स्क्रू सैल होता, टोक अणकुचीदार. खुंट्या आहेत, पण त्यावर बोट फिरवलं तर काही लागत नाही, सपाट आहेत.

रंधादादा, तेव्हाच माझ्या लक्षात आलं, आणि खरं सांगते, आजींकडे बघवेना.

पण मग वरच्या दारांच्या आत बघितलं. खालच्या दारांच्या फळ्या आतून गुळगुळीत आहेत, रंधा मारलेल्या. वरच्या दोन चेहऱ्यांच्या फळ्या मात्र वेगळ्याच. आतून ओबडधोबड, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. रंग काळा नाही, राखेसारखा करडा. शिवाय त्या खोबणीत बसवलेल्या नाहीत. मागून चारी बाजूंनी बारीक पट्ट्या ठोकून धरल्या आहेत. शिरस्त्राणवाल्याची खालची पट्टी निघून पडली आहे, त्यामुळे फळीची कड उघडी दिसते. किड्याने पोखरलेले बोगदे त्या बाजूच्या कडेवर लांबच्या लांब उघडे पडले आहेत, नळी मधून चिरावी तशी. आणि समोरून बघताना इतके दिवस जे कळलं नव्हतं ते आता दिसलं: शिरस्त्राणाचा तुरा वरच्या चौकटीखाली कापला गेलाय. बाईच्या टोपीच्या वर मात्र बोटभर जागा आहे.

बाईच्या फळीत डावीकडे वर एक निळा-काळा डाग आहे, रुपयाएवढा. तिथे खिळा नाही.

रंधा

पैलतीर!! हे वाचून मी खुर्चीतून उठलो.

कपाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, त्याबद्दल आता मला शंका नाही. ताज्या, न वाळवलेल्या ओकच्या जुन्या कामात खुंटी वाळलेली आणि चौकट ओली असते. कुसवातलं (खाचेत बसणाऱ्या लाकडाच्या टोकातलं) भोक आणि खाचेतलं भोक मुद्दाम किंचित पुढेमागे पाडतात, म्हणजे खुंटी ठोकली की कुसू आत ओढलं जातं आणि सांधा सरसाशिवाय पक्का बसतो. पुढे चौकट वाळून आकसते, खुंटी आकसत नाही, आणि शेकडो वर्षांनी बोटाला तिचं डोकं लागतं. तुमच्या खुंट्या सपाट आहेत, म्हणजे इथे तसं झालेलं नाही.

पण वरच्या दोन फळ्या वेगळ्या घरातून आल्या आहेत. जाड-पातळ कडा म्हणजे पाचरीने फोडलेलं लाकूड. किडा लाकडात आत वेडावाकडा जातो, पृष्ठभागावर फक्त दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडतो. बोगदा लांबून उघडा दिसतो तेव्हा किडा लागून गेल्यावर कोणीतरी ते लाकूड कापलं आहे. तुरा कापला गेला तोही त्याच वेळी. कोण्या जुन्या पेटाऱ्याच्या किंवा भिंतीच्या फळ्या त्या सुताराच्या हाती आल्या आणि त्याने त्यांना नवं कपाट बांधलं, असं मी समजतो. त्या काळात हे सर्रास होत असे, आणि प्रत्येक वेळी फसवण्यासाठीच होत असे असं नाही.

चौकस

म्हणजे थोडक्यात कपाट नकली निघालं. दोन फळ्या काढून घ्या, बाकीचं सोडून द्या. आजकाल इकडे असली कपाटं लोक फुटपाथवर ठेवतात, कुणी नेत नाही.

रंधा

चौकस, या मताशी मी सहमत नाही, आणि हे मी ठामपणे म्हणतो.

नकली म्हणजे काय? ज्याने बनवलं त्याने १८८० च्या दशकात हाताने पटाशी धरून सिंह कोरले. त्याची पाठीची फळी मशीनने कापलेली असेल, सिंहाची आयाळ मशीनने केलेली नाही. ते कपाटही आज सव्वाशे वर्षांपलीकडचं आहे. ते स्वतःच्या जागी खरं आहे. त्याला १५८० चं म्हणून विकलं तर ती लबाडी. आणि त्या दोन फळ्या काढल्या तर त्यांना आज जे घर आहे तेही जाईल. तो सुतार त्यांना सांभाळून ठेवायला विसरला असता तर त्या केव्हाच चुलीत गेल्या असत्या.

झाडओळख

पैलतीर, त्या उघड्या कडेवर वर्षवलयं दिसतात का? भिंग असेल तर मोजून बघा.

पैलतीर

मोजली. शिरस्त्राणवाल्याची फळी २४ सेंटिमीटर रुंद आहे. वलयं फार दाटीवाटीची, सेंटिमीटरमध्ये सात-आठ. मी १६० पर्यंत नीट मोजली, पुढे बोगद्यांमुळे चुकायला लागलं.

झाडओळख

इतकी दाट वलयं म्हणजे ते झाड दाट जंगलात सावकाश वाढलेलं. त्या काळात उत्तम ओकच्या फळ्या बाल्टिककडून, डान्झिगच्या म्हणजे आजच्या ग्दान्स्क बंदरातून जहाजांनी फ्लँडर्सला, म्हणजे तुमच्या भागात, येत. तुमची फळी तिकडचीच आहे असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण १६० वलयं कालनिश्चितीला पुरेशी आहेत. रुंद आणि अरुंद वलयांचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवून वर्ष काढतात. ब्रसेल्सच्या सांस्कृतिक वारशाच्या राजसंस्थेत या कामाची प्रयोगशाळा आहे. एक लक्षात ठेवा, सालीखालचं कोवळं लाकूड सुतार काढून टाकत, त्यामुळे उत्तर "अमुक वर्षानंतर कधीतरी" असं येतं.

टेम्सकाठ

आणि लूवेनला आहात तर एका शनिवारी औडेनार्डेच्या टाउन हॉलमध्ये जा. सभागृहात १५३० च्या दशकातला ओकचा कोरीव दरवाजा आहे, सगळ्या फळ्या भरगच्च. दुसऱ्या शनिवारी ब्रुग. तिथल्या जुन्या न्यायदालनात लान्सलोत ब्लोंदीलने १५२८ ते १५३१ मध्ये रचलेली भव्य शेकोटी आहे: वर ओक, खाली काळा संगमरवर, मधे अलाबास्टर हा मऊ पांढरा दगड. सम्राट पाचवा चार्ल्स हातात तलवार घेऊन अख्खा लाकडात उभा आहे. त्यानंतर घरी येऊन तुमच्या शिरस्त्राणवाल्याकडे बघा.

पैलतीर

शेवटचं अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

आजींना सगळं सांगितलं. कॉफी करून, समोर बसून, एकेक गोष्ट दाखवून. कपाट त्यांच्या आजेसासूबाईंच्या लग्नाच्या सुमारासच बनलेलं असणार हे ऐकून त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी ते नवं कोरं घेतलं होतं!" आणि हसायलाच लागल्या. मग त्या दोन फळ्यांबद्दल सांगितलं. उठल्या, दार उघडलं आणि आतल्या खडबडीत बाजूवर तळहात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. ऐंशी वर्षांत त्या बाजूला कधी हात लावला नव्हता म्हणाल्या.

लेकीशी बोलून त्यांनी ठरवलं की फळ्या कपाटातून काढायच्या नाहीत. कपाट माझ्याकडे, पण वलयांच्या तपासणीचा निकाल आला की पहिला फोन त्यांना करायचा. ब्रसेल्सच्या संस्थेला पत्र लिहिलं आहे. मी पैशांचा विषय पुन्हा काढला तर रागावल्या.

गेल्या रविवारी चौघांनी मिळून आणलं. वरचा भाग खालच्यापासून सुटा होतो हे आम्हाला उचलताना कळलं. रेडिएटरपासून लांब, बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवलंय. हवेतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र आत ठेवलंय, आज ५२ टक्के दाखवतंय.

रंधा

उत्तम. ४५ ते ६० मध्ये राहू द्या, अचानक चढउतार नको. आणि किडा जिवंत आहे का ते बघायला कपाटाखाली काळा कागद पसरा. भुंगेरे मे ते ऑगस्टमध्ये बाहेर पडतात. ताजा भुसा फिकट, पिठासारखा असतो. दिसला तर घासलेट किंवा आणखी काही ओतू नका, आधी इथे विचारा.

पैलतीर

कागद आजच घातला. मे महिन्यात काय दिसतं ते याच धाग्यावर लिहीन.